उबवणी यंत्र आणि बदकाचे अंडे : औद्योगिक पट्ट्याच्या इतिहासातील एक दुर्लक्षित बाजू

पिंपरी-चिंचवडचा इतिहास लिहिताना १९५४ चा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखाना व १९६२ मध्ये स्थापन झालेले औद्योगिक विकास महामंडळ यांना अग्रस्थान मिळते. शेजारच्या खडकीतील शासकीय मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्राचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो.

कृत्रिम उबवणी ही कल्पना प्राचीन आहे. इजिप्तमधील उबवणभट्ट्यांची दखल घेऊन फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी १७४९ मध्ये या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे व्यापारी यंत्रांचे वेळापत्रक मुख्यतः कोंबडीच्या २१ दिवसांवर बेतले गेले. बदकास साधारणतः २८ दिवस लागतात. उष्णता ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपास राखावी लागते आणि अखेरच्या तीन दिवसांत अंडी फिरवणे थांबवून आर्द्रता वाढवावी लागते. खरी कसोटी त्यानंतरची. कवचास पहिली चीर गेल्यावर पिल्लू बाहेर पडण्यास एक दिवस किंवा अधिकही लागतो. या काळात आतील पटलातल्या वाहिन्यांमधील रक्त व उरलेला बलक शरीरात ओढला जातो. कळवळून कवच सोलणारा हात रक्तस्रावास कारण होतो. (नवशिक्याची दया येथे सर्वांत घातक!)

पाळीव बदके रवणावर क्वचितच टिकून बसतात. म्हणून त्यांची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवून त्यांवर पाणी शिंपडण्याची रीत रूढ होती. परसातले हे ज्ञान प्रायः स्त्रियांचे व मौखिक होते. चाकणच्या शिवारात कारखाने आले, खुराडी मागे सरली. भूसंपादनाच्या कागदांत जमिनीचे क्षेत्र व मोबदला नोंदला जातो. परसातल्या या जाणकारीसाठी त्यांत रकाना नसतो.