सोलरची बॅटरी घेताय? आधी हिशोब मांडा, मग दुकानात जा

अक्कलकुवा, धडगावच्या डोंगरातले पाडे असोत की शेतातली एकटी वस्ती, जिथं लाइन पोहोचत नाही तिथं रात्रीच्या उजेडाला सोलरचाच आधार असतो. पॅनेल २० ते २५ वर्षं चालतं. बॅटरी मात्र चुकीची घेतली तर दोन पावसाळ्यांतच बसते आणि पैसे पाण्यात जातात.

शेतातल्या सौर पंपाला बॅटरी लागत नाही, तो उन्हात थेट पॅनेलवर चालतो. बॅटरी लागते ती रात्रीच्या दिव्याला, पंख्याला, टीव्हीला.

ट्रॅक्टरची बॅटरी का चालत नाही?

ट्रॅक्टर किंवा जीपच्या बॅटरीचं काम काही सेकंदांचं. स्टार्टर मारताना जोरात करंट द्यायचा, इंजिन चालू झालं की पुन्हा चार्ज व्हायचं. त्यामुळे तिच्या प्लेटा पातळ असतात. सोलरची बॅटरी रोज रात्रभर हळूहळू उतरते आणि दिवसा भरते. हे काम डीप सायकल बॅटरीचं. आपल्याकडे त्यासाठी ट्युब्युलर बॅटरी मिळते. घरात पडून असलेली ट्रॅक्टरची बॅटरी सोलरला जोडली, तर ती लवकरच खराब होते.

स्टिकरवर सी-१० बघा

बॅटरीवर १५० एएच लिहिलेलं असतं, पण त्याच्या शेजारी सी-१० आहे की सी-२०, हे बघायला हवं. सी-१० म्हणजे ती वीज १० तासांत काढली तरी पूर्ण मिळते. सी-२० म्हणजे २० तासांत सावकाश काढली तरच पूर्ण मिळते, भराभर काढली तर कमी. सोलरसाठी सी-१० घ्यावी. साध्या इन्व्हर्टरची सी-२० स्वस्त पडते, पण तोच १५० चा आकडा दोन्हीवर सारखा नसतो. आयएस १६२७० हे सोलर बॅटरीचं भारतीय मानक आहे, त्याचा उल्लेख आहे का तेही पाहावं.

हिशोब असा मांडा

एका लहान घराची रोजची गरज:

- ९ वॅटचे ४ एलईडी दिवे, ५ तास: १८० वॅट-अवर
- ३० वॅटचा कमी विजेचा पंखा, ८ तास: २४०
- ५० वॅटचा टीव्ही, ३ तास: १५०
- मोबाईल चार्जिंग: २०

एकूण ५९०. इन्व्हर्टरमध्ये थोडी वीज वाया जाते, म्हणून ७०० धरा. श्रावणात सूर्य दिसत नाही, त्यामुळे निदान दोन दिवसांचा साठा हवा, म्हणजे १४००.

लेड-अॅसिड बॅटरी रोज निम्म्यापेक्षा जास्त उतरवू नये, नाहीतर आयुष्य घटतं. म्हणून १४०० ची गरज असेल तर साठा २८०० चा लागतो. १२ व्होल्टची १२० एएच बॅटरी १४४० वॅट-अवर साठवते. अशा दोन घेतल्या की काम झालं. दोन्ही सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्टचा इन्व्हर्टर लावावा. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच वेळी घेतलेल्या असाव्यात. जुनी-नवी जोडी लावली की जुनी बॅटरी नवीलाही ओढते.

पॅनेलही पुरेसं हवं. १२० एएचच्या बॅटरीला साधारण १२ अँपिअर चार्जिंग लागतं. वरच्या जोडीला सुमारे ४०० वॅटचं पॅनेल धरा. पॅनेल कमी पडलं तर बॅटरी कायम अर्धपोटी राहते आणि प्लेटांवर थर चढून मरते.

लिथियम घ्यावी का?

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते, त्यामुळे लहान बॅटरीत भागतं. पाणी घालावं लागत नाही आणि आयुष्यही जास्त. मोठी ट्युब्युलर बॅटरी ५० किलोच्या आसपास भरते. डोंगरावर ती खांद्यावर न्यायची म्हटलं की लिथियमचा हलकेपणा मोलाचा वाटतो. पण सुरुवातीची किंमत जास्त असते, आणि चार्ज कंट्रोलर व इन्व्हर्टर लिथियमला चालणारा आहे का, हे आधी विचारून घ्या.

घेताना आणि वापरताना

- पक्कं बिल घ्या, त्यावर बॅटरीचा नंबर लिहून घ्या. बनवल्याची तारीख बघा. महिनोन्‌महिने दुकानात पडलेली बॅटरी नको.
- वॉरंटीत किती महिने बॅटरी फुकट बदलून मिळते आणि किती महिने फक्त सूट मिळते, हे वेगवेगळं विचारा.
- बॅटरी पूर्ण उतरण्याआधी लोड बंद करणारा चार्ज कंट्रोलर हवा. बॅटरीजवळ फ्यूज लावा.
- ट्युब्युलरमध्ये दर दोन-तीन महिन्यांनी पातळी बघून डिस्टिल वॉटर घाला. विहिरीचं, बोअरचं पाणी नको, अॅसिड तर अजिबात नको.
- बॅटरी सावलीत, हवेशीर जागी ठेवा. पत्र्याखालच्या उष्णतेत आयुष्य झपाट्यानं कमी होतं. चार्ज होताना पेट घेणारा वायू निघतो, म्हणून चूल, बिडी, काडेपेटी लांब ठेवा.
- जुनी बॅटरी घरी फोडू नका, त्यातलं शिसं मुलांना घातक असतं. नवी घेताना दुकानदाराला परत द्या, तिचे पैसे वजा होतात.

दुकानदार आधी किंमत सांगेल. तुम्ही आधी आपल्या घरच्या लोडचा कागद पुढे करा आणि त्यावरून बॅटरी मागा.