पाचातला एक दिवस : अभियांत्रिकीचे प्राध्यापक, उद्योग आणि भांडवल

अभियांत्रिकी शिकवणारा, कारखान्यांना सल्ला देणारा आणि प्रसंगी स्वतःची कंपनी काढणारा प्राध्यापक आज इतका परिचित झाला आहे की, तंत्रज्ञान वाढले तशी ही भूमिका आपोआप निर्माण झाली असावी, असे वाटते. प्रत्यक्षात तिचा इतिहास हा मुख्यतः नियमांचा इतिहास आहे. प्राध्यापकाच्या वेळेवर हक्क कोणाचा, प्रयोगशाळेत लागलेल्या शोधाची मालकी कोणाची आणि त्यातून होणाऱ्या नफ्यात वाटा कोणाचा, या तीन प्रश्नांवर विसाव्या शतकात अमेरिकेतील विद्यापीठांत जे वाद झाले, त्यांतून निघालेल्या तडजोडींनी ही भूमिका घडवली.

यांपैकी पहिला प्रश्न ठळकपणे पुढे आला तो बॉस्टनजवळच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत. १८६१ मध्ये सनद मिळालेल्या या संस्थेचा उद्देशच विज्ञानाला उद्योगाच्या कामी लावणे हा होता. परंतु ते कसे करावे, याविषयी तिच्या रसायनशास्त्र विभागातच दोन पक्ष पडले. आर्थर नॉइज यांच्या मते विद्यार्थ्याला मूलभूत विज्ञान पक्के शिकवले की उपयोजनाचे ज्ञान त्यामागून येते, तर विल्यम वॉकर यांच्या मते कारखान्यातील खऱ्या अडचणी हाताळल्याशिवाय अभियंता तयार होत नाही. वॉकर यांनी १९०८ मध्ये उपयोजित रसायनशास्त्राची प्रयोगशाळा उभारली आणि कंपन्यांकडून पैसे घेऊन त्यांचे प्रश्न सोडवण्यास सुरुवात केली. पहिल्या महायुद्धानंतर संस्थेने कंपन्यांकडून वार्षिक शुल्क घेऊन त्यांना ग्रंथालय, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापकांचा सल्ला उपलब्ध करून देणारी योजना आखली, तेव्हा वॉकर यांची सरशी झाल्यासारखे दिसले आणि नॉइज कॅलिफोर्नियात निघून गेले.

सल्ल्याचे काम वाढले तशा तक्रारीही वाढल्या. खासगी सल्लागार अभियंत्यांचे म्हणणे असे की, ज्याला संस्थेचा पगार आणि संस्थेची उपकरणे मिळतात, तो बाजारात उतरला तर स्पर्धा न्याय्य राहत नाही. उलट ज्या प्राध्यापकांचा बाहेरच्या कामाशी संबंध नव्हता, त्यांना अध्यापनाची हेळसांड होण्याची भीती वाटे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात यावर जो तोडगा निघाला, तो एकपंचमांश नियम म्हणून ओळखला जातो. कामाच्या पाच दिवसांपैकी एक दिवस प्राध्यापकाला बाहेरच्या कामासाठी देता यावा आणि उरलेले चार संस्थेचे मानावेत, हा त्याचा सारांश. या नियमाने वादाचा तात्त्विक निकाल लावला नाही. परंतु कर्तव्यच्युती मानल्या जाणाऱ्या कामाला मर्यादित हक्काचे स्वरूप दिले आणि म्हणूनच तो पुढे इतर विद्यापीठांत पसरला.

सल्ला देणे आणि कंपनी काढणे यांत मात्र मोठे अंतर होते. एमआयटीत विद्युत अभियांत्रिकी शिकवणारे व्हॅनेव्हर बुश हे १९२२ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे रेथिऑन या नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक होते. घरातल्या विजेवर रेडिओ चालवणे शक्य करणाऱ्या वायुनलिकेने तिचा जम बसवला. तथापि असा उद्योग उभारण्यासाठी लागणारे भांडवल तोवर ओळखीपाळखीतून आणि धनिक कुटुंबांकडूनच मिळत असे. १९४६ मध्ये बॉस्टन येथे स्थापन झालेल्या अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनने ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. एमआयटीचे अध्यक्ष कार्ल कॉम्प्टन तिच्या संस्थापकांत होते आणि तिची धुरा हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये उत्पादनशास्त्र शिकवणारे फ्रेंच वंशाचे जॉर्ज डोरिओ यांच्याकडे आली. नव्या, अनिश्चित भवितव्याच्या कंपनीत कर्जाऐवजी भागभांडवल गुंतवून तिच्या जोखमीत सहभागी होणे, यालाच साहसवित्त म्हणतात. एमआयटीच्या प्राध्यापकांनी स्थापलेल्या हाय व्होल्टेज इंजिनिअरिंग या कंपनीत या कॉर्पोरेशनने आरंभीच पैसे घातले आणि १९५७ मध्ये डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीत गुंतवलेल्या ७०,००० डॉलरांनी तिची कीर्ती सर्वत्र पोहोचवली. अभियांत्रिकी आणि व्यवसाय या दोन विद्याशाखांचा संयोग येथे वर्गात होण्याआधी संचालक मंडळात झाला.

ही परंपरा पश्चिम किनाऱ्यावर नेणारे फ्रेडरिक टर्मन हे बुश यांचेच विद्यार्थी होते. एमआयटीतून १९२४ मध्ये डॉक्टरेट मिळवल्यावर क्षयरोगामुळे त्यांना कॅलिफोर्नियातील घरी राहावे लागले आणि ते स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवू लागले. त्या भागातले पदवीधर नोकरीसाठी पूर्वेकडे जात, ही त्यांची मुख्य चिंता होती. विल्यम ह्यूलेट आणि डेव्हिड पॅकर्ड या विद्यार्थ्यांनी १९३९ मध्ये अवघ्या ५३८ डॉलरांवर कंपनी सुरू केली, त्यामागे टर्मन यांचे प्रोत्साहन होते आणि तिचे पहिले उत्पादन, ध्वनिकंप निर्माण करणारे उपकरण, ह्यूलेट यांच्या पदव्युत्तर प्रबंधातूनच आले होते. १९३७ मध्ये स्टॅनफर्डने रसेल आणि सिगर्ड व्हेरियन या बंधूंशी केलेला करारही असाच बोलका आहे : विद्यापीठाने प्रयोगशाळेची जागा आणि साहित्यासाठी १०० डॉलर द्यावेत, बंधूंनी बिनपगारी काम करावे आणि शोधातून मिळणाऱ्या उत्पन्नाचा अर्धा वाटा विद्यापीठाला द्यावा. त्यातून सूक्ष्मतरंग निर्माण करणारी क्लायस्ट्रॉन नलिका तयार झाली.

युद्धकाळात हार्वर्ड येथील रडारविरोधी संशोधनाचे नेतृत्व करून परतलेले टर्मन अभियांत्रिकीचे अधिष्ठाता झाले, तेव्हा त्यांच्या हाती आणखी एक साधन होते, ते म्हणजे जमीन. लेलँड स्टॅनफर्ड यांच्या दानपत्रानुसार विद्यापीठाला जमीन विकता येत नव्हती. म्हणून १९५१ पासून ती तंत्रप्रधान कंपन्यांना दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यात आली आणि व्हेरियन बंधूंची कंपनी तेथील पहिली भाडेकरू ठरली. १९५४ पासून जवळपासच्या कंपन्यांतील अभियंत्यांना नोकरी सांभाळून पदव्युत्तर शिक्षण घेण्याची सोय झाली, त्यामुळे वर्ग आणि कारखाना यांच्यातील ये-जा दुतर्फा सुरू झाली.

मालकीचा प्रश्न यानंतर कायद्याने सुटला. स्टॅनफर्डने १९७० मध्ये शोधांचे परवाने उद्योगांना देणारे स्वतंत्र कार्यालय उघडले आणि १९८० च्या बे-डोल कायद्याने सरकारी अनुदानातून लागलेल्या शोधांचे पेटंट विद्यापीठांना स्वतःकडे ठेवता येऊ लागले. तोवर उद्योजकता ही अनुभवाने येणारी गोष्ट मानली जात होती. १९९० च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये टॉम बायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा अभ्यासक्रम व्यवस्थापनशाखेत न ठेवता अभियांत्रिकी विद्यालयातच रुजवला.

मुंबईत या इतिहासाला समांतर असा एक प्रवाह दिसतो. मुंबई विद्यापीठाने १९३३ मध्ये सुरू केलेला रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे लोकांच्या तोंडी बसलेले यूडीसीटी, कापडगिरण्यांच्या शहराची गरज ओळखून वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी या विषयांनी उभा राहिला. केंब्रिजहून परतलेले मनमोहन शर्मा १९६४ मध्ये वयाच्या २७ व्या वर्षी माटुंग्याच्या या विभागात प्राध्यापक झाले. रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळवणाऱ्या शर्मांनी संशोधन आणि रसायन उद्योगांना सल्ला ही दोन्ही कामे परस्परपूरक मानली. रघुनाथ माशेलकर आणि मुकेश अंबानी यांच्यासारखे त्यांचे विद्यार्थी, तसेच औषधनिर्मितीत नाव कमावणारे अंजी रेड्डी, याच विभागातून बाहेर पडले.

तरीही दोन्हीकडच्या क्रमात महत्त्वाचा फरक आहे. भारतात १९६१ मध्ये अहमदाबादला हार्वर्डच्या सहकार्याने व्यवस्थापन संस्था निघाली, तर अभियांत्रिकीच्या आयआयटी तिच्यापासून वेगळ्या वाढल्या. पवईच्या आयआयटीत व्यवस्थापनाचे विद्यालय १९९५ मध्ये आणि नवउद्योगांना जागा व मार्गदर्शन देणारे ‘साइन’ हे केंद्र २००४ मध्ये सुरू झाले. सल्ला देण्याची मुभा भारतीय प्राध्यापकाला बरीच आधी मिळाली. पण शोधाच्या मालकीची चोख व्यवस्था आणि जोखीम पत्करणारे भांडवल त्याच्या वाट्याला उशिरा आले. माटुंग्याच्या प्राध्यापकांचे ज्ञान दीर्घकाळ विद्यार्थ्यांच्या आणि इतरांच्या कंपन्यांमधून फळले, त्यांच्या स्वतःच्या नव्हे, याचे कारण त्यांच्या वृत्तीपेक्षा या क्रमात अधिक शोधावे लागते.