माठापासून फ्रिजपर्यंत

आजच्या भागात आपण फ्रिजबद्दल बोलणार आहोत.

उन्हाळा जवळ आला की गटाच्या बैठकीत फ्रिजसाठी कर्जाची मागणी येतेच. कुणाला दूध-दही विकायचं असतं, कुणाला लेकरांसाठी बर्फाच्या कांड्या करून चार पैसे कमवायचे असतात, कुणाच्या सासऱ्यांचं इन्सुलिन ठेवायचं असतं. हप्ते फिटतात न फिटतात तोच फ्रिज गार करेनासा होतो. मेकॅनिक येतो, "गॅस संपला" म्हणतो, रक्कम सांगतो आणि आपण मुकाट्यानं देतो. कारण त्या पेटीच्या आत काय चालतं हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं. चूल आपण लिंपली, जात्याला टाकी लावून घेतली, माठ पारखून आणला. फ्रिज मात्र घरात येऊनही परकाच राहिला. म्हणून आज त्याचा इतिहास सांगते. कोणता भाग कशासाठी आला हे कळलं की त्याची काळजी कशी घ्यायची, हेही कळतं.

सुरुवात माठापासून करू. माठातलं पाणी बारीक छिद्रांतून बाहेर झिरपतं आणि त्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते, ती आतल्या पाण्यातून घेतली जाते, म्हणून पाणी गार होतं. दुधाच्या पातेल्याला ओलं फडकं गुंडाळून ते पाण्याच्या परातीत ठेवायचं, ही आपल्या आजीची युक्तीही तीच. माठ जुना झाला, छिद्रं क्षारानं बुजली, की पाणी गार होत नाही. तेव्हा आपण "माठ बिघडला" म्हणत नाही, "माठ बुजला" म्हणतो. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

फ्रिजचं तत्त्वही हेच आहे. जेकब पर्किन्स नावाच्या अमेरिकी कारागिरानं 1834 मध्ये लंडनला अशा यंत्राचं पेटंट घेतलं. त्यात ईथर नावाचा झटकन उडून जाणारा द्रव होता. माठाची वाफ हवेत निघून जाते, म्हणून पाणी पुन्हा भरावं लागतं. पर्किन्सनं ती वाफ नळीतच कोंडली, पंपानं दाबली, तिची उष्णता बाहेर सोडून पुन्हा द्रव केला आणि परत आत फिरवला. आजच्या फ्रिजमध्ये हा पंप म्हणजे कॉम्प्रेसर, आणि उष्णता बाहेर सोडणारी नळी म्हणजे मागची काळी जाळी.

म्हणजे फ्रिज थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. मग तो भिंतीला चिकटवून ठेवला, मागे धूळ आणि कोळिष्टकं साचली, वर कपड्यांचा ढीग ठेवला, तर ती उष्णता जाणार कुठे? फ्रिजही माठासारखा बुजतो. भिंतीपासून चार बोटं जागा सोडा. दोन-तीन महिन्यांनी प्लग काढून मागची जाळी कोरड्या ब्रशनं झाडा. नव्या फ्रिजना मागे जाळी दिसत नाही, ती बाजूच्या पत्र्याच्या आत असते. म्हणून बाजू गरम लागल्या तर घाबरू नका, तिथेही हवा खेळू द्या. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या घरात फ्रिजला किती कष्ट पडत असतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

आता भिंतीची गोष्ट. 1833 मध्ये अमेरिकेच्या बोस्टनहून एक जहाज कलकत्त्याला आलं. त्यात गोठलेल्या तळ्यांतून कापलेला बर्फ होता. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्यानं तो पाठवला होता. चार महिन्यांचा प्रवास, तोही उष्ण समुद्रातून. निघताना सुमारे 180 टन बर्फ होता आणि पोहोचताना सुमारे 100 टन शिल्लक होता. पुढे मुंबईलाही असा बर्फ येऊ लागला आणि तो ठेवायला खास बर्फघर बांधलं गेलं. हे जमलं कशामुळे? लाकडाच्या भुश्यामुळे. लग्नात बर्फाची लादी येते तेव्हा ती भुसा आणि गोणपाटात गुंडाळलेली असते, ती हीच रीत. फ्रिजच्या भिंतीत आज भुश्याच्या जागी फोम असतो. म्हणून फ्रिजला खिळा किंवा स्क्रू मारू नये. फोम तर जातोच, आत नळी असली तर तीही फुटते.

फ्रीजरमध्ये साचणारा बर्फसुद्धा भुश्यासारखंच काम करतो, पण उलटं. नळीची थंडी तो डब्यांपर्यंत पोहोचू देत नाही. थर अर्धा सेंटिमीटर झाला की डीफ्रॉस्टचं बटण दाबा आणि बर्फ आपोआप वितळू द्या. सुरी, सांडशी किंवा उलथनं घेऊन खरवडू नका. एका दरवाज्याच्या फ्रिजमध्ये नळी त्या पातळ पत्र्यातच असते. एक भोक पडलं की सगळा गॅस जातो आणि शे-दोनशेचं नाही, हजारांचं काम निघतं.

दाराच्या रबराचा इतिहास मात्र दुःखद आहे. जुन्या फ्रिजना बाहेरून खटक्याची कडी असायची. आतून दार उघडता येत नसे. अमेरिकेत टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये खेळता खेळता मुलं अडकली आणि गुदमरून गेली. शेवटी 1956 मध्ये तिथे कायदा झाला, की घरगुती फ्रिजचं दार आतून उघडता आलंच पाहिजे. पुढे कडी गेली आणि रबरात लोहचुंबकाची पट्टी आली. आपल्याकडे कुलूप-किल्लीचे जुने फ्रिज अजून आहेत. काही घरांत बंद पडलेल्या फ्रिजचं कपाट करतात, अंगणात ठेवतात. माझी हात जोडून विनंती आहे, त्याचं कुलूप आणि दार आजच काढून टाका.

रबर तपासायची रीत सोपी आहे. दहाची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथून थंडी गळते. आधी रबर कोमट साबणपाण्यानं पुसा, कारण बऱ्याचदा तेलकट मळच आड येतो. तरी जमलं नाही तर फक्त रबर बदलता येतं.

आता गॅस. सुरुवातीच्या घरगुती फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइडसारखे विषारी वायू असत. बर्लिनमध्ये एक कुटुंब अशा गळतीनं झोपेतच मेल्याची बातमी वाचून थोर शास्त्रज्ञ आइन्स्टाइन यांनी आपला मित्र झिलार्ड याच्यासोबत सुरक्षित फ्रिजची रचना केली, तिचं पेटंटही घेतलं. पण तो फ्रिज बाजारात आला नाही. 1930 च्या सुमारास फ्रिऑन आला. तो विषारी नव्हता, पेट घेत नव्हता, आणि घरोघरी फ्रिज गेले. पण 1974 मध्ये मोलिना आणि रोलँड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की हा वायू उंच आकाशातल्या ओझोनच्या थराचा नाश करतो. 1987 मध्ये मॉन्ट्रियल करार झाला, 1992 मध्ये भारतही त्यात आला आणि फ्रिजचा गॅस बदलला. आजच्या फ्रिजमागच्या पट्टीवर आर 134 ए किंवा आर 600 ए असं लिहिलेलं असतं. यातला 600 ए पेट घेणारा आहे. तो भरणाऱ्याला त्या कामाची माहिती हवीच, आणि तेव्हा जवळ चूल किंवा गॅसची शेगडी पेटलेली नको.

या सगळ्यात आपल्या कामाची गोष्ट अशी, की गॅस नळीतच फिरतो, वापरून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. "गॅस संपला" असं कुणी म्हणालं तर शांतपणे विचारा, "दादा, गळती कुठं आहे? ती बंद केल्यावरच गॅस भरणार ना?" एवढा प्रश्न विचारला तरी पुढचं बोलणं बदलतं.

भारतात गोदरेज कंपनीनं 1958 मध्ये फ्रिज बनवायला सुरुवात केली. बरीच वर्षं ती शहरातल्या सुखवस्तू घरांची चीज होती. पुढे आपल्या मराठवाड्यात औरंगाबादच्या व्हिडिओकॉनचं नाव घरोघरी झालं. ती कंपनी 2018 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पण फ्रिज गावात आला, तशी कमी-जास्त होणारी वीजही त्याच्या वाट्याला आली. व्होल्टेज कमी असलं की कॉम्प्रेसर गुरगुरतो, "टक्" करून बंद पडतो आणि पुन्हा तेच करतो. असा आवाज आला तर प्लग काढा. फ्रिजवर सोसणारं व्होल्टेज लिहिलेलं असतं, ते पाहून गरज असेल तर स्टॅबिलायझर लावा. लाईट येऊन लगेच गेली तर पाच मिनिटं थांबून मगच फ्रिज सुरू करा.

हे यंत्र बनवताना खेड्यातल्या बाईला कुणी विचारलं का? एकदा विचारलं, आणि तेही आपल्या मराठवाड्यातच. 2008 मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, गोदरेजनं एका छोट्या फ्रिजसाठी सहाशेहून जास्त बायकांना एकत्र बोलावून आकार, रंग आणि आतली मांडणी यांवर त्यांची मतं घेतली. त्यातून 'छोटूकूल' आला. वजनाला हलका, दार वरून उघडणारं, कारण थंड हवा जड असते आणि वरचं दार उघडलं तरी आतच राहते. त्यात कॉम्प्रेसर नव्हता, गॅसही नव्हता. विजेनंच एक बाजू थंड आणि दुसरी गरम करणारी चकती होती. बॅटरीवरही चालायचा. त्यात बर्फ मात्र होत नसे. खेड्यात तो वाटला तितका चालला नाही, कारण पैसे घालायचे तर लोकांना पूर्ण फ्रिजच हवा होता. तरी सहाशे बायकांना यंत्राबद्दल मत असतं आणि ते उपयोगी पडतं, हे त्यातून दिसलं.

आता मेकॅनिकला बोलावण्याआधी काय पाहायचं, ते क्रमानं सांगते. फ्रिज पूर्ण बंद असेल तर त्याच बोर्डात दुसरं काही लावून वीज आहे का पाहा. दिवा लागतो पण गार होत नाही, तर आतलं बटण कुणी फिरवलं का, दार नीट लागतं का, मागे धूळ आहे का, फ्रिज ठासून भरलाय का, हे पाहा. भाजी-वरण गरम असताना आत ठेवू नका. आत पाणी साचत असेल तर पाणी जायचं भोक बुजलेलं असतं, ते कोमट पाण्यानं मोकळं करा. मागच्या ट्रेमधलं पाणी आठवड्याला फेका, त्यात डेंग्यूचे डास होतात. फ्रीजरच्या एकाच कोपऱ्यात बर्फ धरत असेल आणि बाकी कोरडं असेल, तर गॅस गळतीची शंका घ्या. हात लावताच झिणझिण्या आल्या तर प्लग काढा आणि अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय वापरू नका.

लाईट गेल्यावर दार उघडलं नाही, तर आतलं साधारण चार तास टिकतं. इन्सुलिनला 2 ते 8 अंश लागतात. ते मधल्या कप्प्यात ठेवा, दारात नको आणि फ्रीजरला लागून तर मुळीच नको, कारण एकदा गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

या महिन्याच्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या फ्रिजमागच्या पट्टीवरचं गॅसचं नाव आणि व्होल्टेज लिहून आणावं. बिल आणि वॉरंटीचा कागद गटाच्या फाइलमध्ये ठेवू. ज्यांच्या मुली दहावी झाल्यात त्यांनी आयटीआयमध्ये फ्रिज आणि एसी दुरुस्तीच्या ट्रेडची चौकशी करावी, दोन वर्षांचा आहे. आपल्या गावात फ्रिज दुरुस्त करायला एखादी मुलगी आली, तर तिला "गळती कुठं आहे" हे विचारावं लागणार नाही, ती स्वतःच दाखवेल.