बाटलीतली गोटी आणि निसटणारा वायू

आमच्या नानाकाकांचा सोडावॉटरचा कारखाना वाशीमला स्टेशनच्या रस्त्यावर होता. कारखाना हे आपले म्हणायचे. दहा फूट लांब, दहा फूट रुंद अशी एक खोली, तीत हाताने फिरवायचे लोखंडी यंत्र, कोपऱ्यात साखळीने बांधलेला गॅसचा बाटला आणि लाकडी खोक्यांतून मांडलेल्या हिरवट बाटल्या. उन्हाळ्याच्या सुटीत मी तेथे बाटल्या विसळायला बसे. गोटी दाबली की होणाऱ्या त्या 'फट्ट' आवाजासाठी गिऱ्हाइके येत की सोड्यासाठी, हे मला अजून ठरविता आलेले नाही.

हे सारे आठवायला निमित्त झाला आमचा भाचा. तो अमेरिकेत असतो आणि हौसेने घरच्या घरी बिअर बनवितो. (आपल्याकडे परवान्यावाचून असे करणे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, तिकडे १९७८ च्या कायद्याने त्याला वाट करून दिली. ताईला हा फरक अद्याप पटलेला नाही.) तळघरात एक थंड पेटी, तीत बिअरची पिंपे, आणि पिंपातली बिअर तोटीपर्यंत ढकलायला कार्बन डायऑक्साइडचा बाटला. फोनवर म्हणाला, "मामा, रात्री भरलेला बाटला जोडला आणि सकाळी पाहतो तो रिकामा! ना आवाज, ना वास." त्याला पैशांची हळहळ होती. माझ्या पोटात गोळा आला तो निराळ्याच कारणाने. ताई दिवाळीनंतर त्याच्याकडे जायची होती, आणि तिची निजायची सोय त्याच तळघरात केलेली होती.

बिअर आणि हा वायू यांची सोबत जुनी आहे. १७६७ मध्ये जोसेफ प्रीस्टली हा धर्मोपदेशक इंग्लंडातील लीड्स गावी राहायला गेला, तो नेमका बिअरच्या भट्टीशेजारी. आंबणाऱ्या पिंपांवर वायूचा एक थर तरंगत असतो आणि त्यात मेणबत्ती धरली की ती विझते, हे त्याने पाहिले. त्या थरात तो एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी ओतत राहिला, आणि पाण्याला चुरचुरीत चव आली. १७७२ मध्ये त्याने ही कृती छापली. पुढे जिनीव्हाच्या जेकब श्वेप्पने १७८३ च्या सुमारास तिचा धंदा केला. म्हणजे आमच्या नानाकाकांचा सोडा आणि भाच्याची बिअर एकाच भट्टीशेजारी जन्मली म्हणायची.

वायू पाण्यात घालणे सोपे निघाले. त्याला कोंडून ठेवणे महाकठीण. बाटलीचे बूच वाळले की आकसते आणि वायू पसार होतो. त्यावर कोणी तळाशी टोक असलेली, अंड्याच्या आकाराची बाटली काढली. ती उभी राहूच शकत नसे. आडवी पडे आणि बूच आपोआप ओले राही! अखेर हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ मध्ये गोटीच्या बाटलीचे पेटंट घेतले. बाटली उलटी धरून भरायची. गोटी गळ्यातल्या रबरी कड्यावर येऊन बसते, आणि आतल्या वायूचा दाबच तिला तेथे घट्ट दाबून धरतो. पळू पाहणाऱ्यालाच दाराशी पहाऱ्याला बसवायचे, अशी ही युक्ती. १८९२ मध्ये अमेरिकेत पेंटरने पत्र्याचे बूच काढले आणि विलायतेत गोटी मागे पडली. आपल्याकडे ती पुढे कितीतरी वर्षे फुटत राहिली.

पण त्या साऱ्या करामतीचा जीव असे त्या चार आण्यांच्या कड्यात. कडे चिरले की सोडा बसला. नानाकाका दर हंगामाला कडी बदलीत. बाटल्याच्या जोडावर ते रिठ्याचा फेस कुंचल्याने फाशीत आणि मला म्हणत, "बुडबुडा कुठं येते ते पाय." मी एकदा दाबाच्या काट्याकडे बोट दाखवून म्हटले, की बाटला भरलेला आहे. ते हसले. "काट्यावर नोको जाऊ, बाटला तोलून पाय." त्याचे कारण मला फार पुढे कळले. बाटल्यात वायू द्रवरूपात असतो. द्रवाचा शेवटचा थेंब उरेपर्यंत काटा जवळजवळ जागचा हलत नाही. गळती चालू असते आणि काटा खुशाल 'भरलेला' सांगत असतो!

आणि खोलीचे दार ते कधीच लावीत नसत, भर थंडीतही. त्यांच्या लहानपणी घरी ज्वारीचे पेव होते. बंद पेवातले धान्य श्वास घेते, प्राणवायू संपवते आणि हाच जड वायू तळाशी साठतो. पेव उघडले की बराच वेळ तसेच ठेवीत, मग कंदील सोडून पाहत; तो विझला तर कोणी उतरत नसे. (कंदील हा काही पुरता भरवशाचा साक्षीदार नव्हे. माणसाला गुदमरवील एवढा वायू असतानाही तो जळत राहू शकतो.) नानाकाकांना वायूचे शास्त्रीय नाव ठाऊक नव्हते, पण त्याची चाल ठाऊक होती. तो हवेच्या दीडपट जड, म्हणून खाली उतरतो. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुद्दाम वास मिसळतात. याला वास नाही.

मी वहीवर हिशेब मांडला. भाच्याच्या बाटल्यात सव्वादोन किलो वायू. तो मोकळा झाला की सव्वा घनमीटर होतो. नानाकाकांच्या खोलीएवढ्या बंद जागेत त्याचे प्रमाण शेकडा चारांवर जाते. साध्या हवेत ते शेकडा ०.०४ असते. शेकडा चारांना डोके ठणकते, धाप लागते. दहाच्या आसपास शुद्ध जाते.

रात्रीच त्याला फोन केला. दारेखिडक्या उघडून, हवा खेळल्यावर खाली जा म्हटले. दुसऱ्या दिवशी नवा बाटला आणून त्याने जोडांना साबणाचा फेस लावला. पिंपांच्या झाकणांवर काही नाही, नळ्यांवर काही नाही. बाटला आणि दाबनियंत्रक यांच्या सांध्यावर मात्र बुडबुड्यांची माळ. आतले चपटे वॉशर तो जुनेच वापरीत होता. ते बदलले. मग बाटल्याची चावी बंद करून नळ्यांतला दाब रात्रभर तसाच ठेवला. सकाळी काटा जेथल्या तेथे होता. आता तो रोज रात्री चावी बंद करतो, आठवड्याला बाटला तोलतो, आणि भिंतीवर फरशीजवळ वायूची सूचना देणारी घंटा बसवली आहे.

ताईची खाट वरच्या मजल्यावर गेली. तिला कारण सांगितले तेव्हा ती म्हणाली, "पिंपंच का नाही हलवत वर? मी जाते खाली." भाचा अजून उत्तर शोधतो आहे.