अजिंठ्याचे रंग आणि भिंगाची पारख

आमच्या छत्रपती संभाजीनगरपासून, म्हणजे पूर्वींच्या औरंगाबादेपासून, सुमारें शंभर किलोमीटरवर वाघूर नदीच्या वळणांत अजिंठ्याचीं लेणीं आहेत. तेथील चित्रें काळाच्या ओघांत झिजत आहेत. त्यांचे रंग जसेच्या तसे उतरवून पुढील पिढ्यांच्या हातीं कसे द्यावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

१८४४ सालीं ईस्ट इंडिया कंपनीनें रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यास चित्रांच्या नकला करण्यास नेमिलें. त्यांच्या बहुतेक नकला १८६६ सालीं लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगींत जळाल्या. पुढें १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं विद्यार्थ्यांसह नव्यानें नकला केल्या. त्यांतल्याहि बऱ्याच १८८५ मध्यें लंडनलाच आगीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. शिवाय हातच्या नकलेंत चित्रकाराची दृष्टि मिसळतेच.

मग कॅमेरा निःपक्षपाती म्हणावा काय? गिल यांनीं कॅमेराहि हातीं घेतला होता. परंतु त्या काळच्या ओल्या काचेस निळा प्रकाश तत्काळ भावे, तांबडा जवळजवळ भावतच नसे. अजिंठ्याच्या भिंतींवर तर गेरू आणि पिवळी माती यांचेंच राज्य! अशा काचेवर गेरू काळवंडून आणि लाजवर्दाची निळाई पांढुरकी होऊन उमटणार. विसाव्या शतकांत सर्व रंगांस संवेदनशील काचा आल्या, आणि निजाम सरकारच्या पुराणवस्तु खात्याचे गुलाम यझदानी यांनीं १९३० ते १९५५ या काळांत छायाचित्रांवर आधारलेला चार भागांचा रंगीत ग्रंथ सिद्ध केला.

१९३६ पासून कोडाक्रोमच्या पारदर्शिका, ज्यांस आपण स्लाईड म्हणतों, प्रचारांत आल्या. साध्या फिल्मवरून कागदी चित्र छापतांना छापणारा रंग सांवरून घेऊं शकतो. स्लाईडमध्यें मात्र कॅमेऱ्यांत प्रकाश पडलेली फिल्मच अखेरचें चित्र होय. तेथें सांवरणारा मधला हात नाहीं. म्हणूनच भिंग पारखण्यास ती उत्तम कसोटी ठरली. एक करडा कागद आणि कांहीं रंगपट्टे घ्यावे. एकाच फिल्मवर, एकाच उजेडांत, तितकाच प्रकाश देऊन, दोन भिंगांनीं ते टिपावे. फिल्म एकदमच धुवावी. एका चित्रांत करडा रंग पिवळसर आणि दुसऱ्यांत निळसर दिसला, तर तो फरक भिंगांचा. काळ्या रेषेच्या कडेला जांभळी किनार दिसली, तर सर्व रंगांचे किरण एका ठिकाणीं मिळत नाहींत असें समजावें.

तथापि भिंग निर्दोष असलें तरी काम संपत नाहीं. दिवसाच्या उजेडासाठीं केलेली फिल्म तापत्या तारेच्या विजेच्या दिव्याखालीं नारिंगी होते. अंधाऱ्या लेण्यांत दीर्घकाळ प्रकाश द्यावा, तर रंगांचा तोल ढळतो. बिनॉय बहल यांनीं १९९१ च्या सुमारास मंद उजेडांत दीर्घ प्रकाशन देऊनच हीं चित्रें टिपलीं. त्याहून मोठी अडचण भिंतीवरच आहे. ग्रिफिथ्स यांच्या काळीं व्हार्निश लावलें गेलें, १९२० नंतर इटालियन तज्ज्ञांनीं लाख वापरली. तीं पुटें पुढें पिवळीं पडलीं. उत्तम भिंग तो पिवळेपणाहि इमानानें टिपील, आणि पाहणारा त्यासच प्राचीन चित्रकाराचा रंग समजेल!

तेव्हां चित्राशेजारीं करडा कागद ठेवून त्याचेंहि छायाचित्र घेणें आणि उजेड, भिंग व तारीख यांची नोंद करणें हेंच शहाणपणाचें. कोडाक्रोम २००९ सालीं बंद झाली, तरी हा नियम आजच्या कॅमेऱ्यांसहि लागू आहे. उद्यां भिंतीवरचा रंग गेला, तर साक्ष या चित्रांचीच राहील. आणि साक्षीदाराची पारख साक्षीपूर्वींच व्हावयास हवी.