वाटणीपत्रातील एक कलम

पुण्यास असणारे आमचे थोरले चुलत बंधू अण्णा गेली चार वर्षे घराण्याचा कुलवृत्तान्त सिद्ध करीत आहेत. गावच्या वाड्याच्या माळ्यावर सापडलेले मोडी कागद त्यांना वाचता येत नाहीत. मला थोडेफार येतात. म्हणून बदलीने बेंगळुरास येऊन पडलेल्या या धाकट्या भावाकडे त्या कागदांची छायाचित्रे येतात, आणि कचेरीतून परतल्यावर मी ती लावीत बसतो.

शके १७३८ चे, म्हणजे इ. स. १८१६ चे, एक वाटणीपत्र असेच आले. दोघे भाऊ विभक्त झाले, त्याची ती यादी. जमीन, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, तांब्यापितळेची भांडी, देव, येणेदेणे. गुरांच्या कलमात प्रत्येक जनावराचा रंग आणि शिंगांची ठेवण नोंदलेली आहे. त्याखाली कुणबीण एक, ती थोरल्याच्या वाटणीस. आणि तिची मुलगी, वय वर्षे सात, ती धाकट्याच्या. नाव दोघींचेही नाही.

मी केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून आहे. दर मार्चअखेर टेबले, खुर्च्या, कपाटे मोजून डेड स्टॉक रजिस्टरशी ताळा घालण्याचे काम माझ्याकडे असते. यादी कशी लिहितात हे मला कोणी शिकवावयास नको. जिन्नस, वर्णन, कोणाच्या ताब्यात. एवढे झाले की लिहिणारा मोकळा. त्या वाटणीपत्राच्या लेखकाचे अक्षर सुरेख आहे, आणि खाडाखोड कोठेही नाही.

अण्णांचे पहिले उत्तर असे आले की, कुणबीण म्हणजे कुणब्याची बायको. घरची मोलकरीण असेल, तिचा एवढा बाऊ कशाला? ही चूक एकट्या अण्णांची नव्हे. मोल्सवर्थने आपल्या कोशात या शब्दाचे दोन्ही अर्थ दिले आहेत: कुणब्याची स्त्री आणि विकत घेतलेली दासी. पुढे दुसरा अर्थ लोकांच्या बोलण्यातून गेला आणि पहिला तेवढा राहिला. त्यामुळे जुना कागद वाचणारा सहज फसतो. परंतु मोलकरणीची वाटणी होत नाही. जी वाटता येते ती मालमत्ताच असली पाहिजे.

पेशवाईतील कागदांत या स्त्रिया जागोजाग भेटतात. गणेश चिमणाजी वाड यांनी रोजनिशीतून काढलेल्या उताऱ्यांत त्यांची खरेदी, बक्षीस, अन्नवस्त्राची नेमणूक, म्हातारपणी सोडून देणे, असे सारे व्यवहार आहेत. कोणी मोहिमेत धरून आणलेली, कोणी दुष्काळात आईबापांनी विकलेली, कोणी बदकर्माच्या आरोपावरून सरकारात ठेवून घेतलेली. दळण, कांडण, पाणी, गोठा हे त्यांचे काम. सोवळ्याच्या घरात त्यांच्या हातचे पाणी चालावे म्हणून त्यांच्या जातीची मात्र कसोशीने चौकशी होई. माणूस विकत घेताना लाज नाही आणि पाणी घेताना शंका, ही आमच्या पूर्वजांची विवेकबुद्धी!

या शोधाची एक अडचण सांगितली पाहिजे. अमेरिकेत किंवा वेस्ट इंडीज बेटांत ज्यांचे पूर्वज गुलाम होते, ते आज मळेवाल्यांची मृत्युपत्रे आणि मृत्यूनंतर केलेल्या मालमत्तेच्या याद्या धुंडाळतात. अमेरिकेच्या १८५० आणि १८६० च्या खानेसुमारीत गुलामांची वये, लिंग आणि वर्ण मालकाच्या नावाखाली आहेत. त्यांची स्वतःची नावे बहुधा नाहीत. मुक्त झालेल्यांची नावे सरसकट आली ती १८७० मध्ये. त्याआधीचे नाव शोधावयाचे तर मालकाच्या यादीत, किमतीच्या शेजारी. आपल्याकडे ही वाट बंद आहे. एकत्र कुटुंबात मृत्युपत्राला जागाच नव्हती. ते इंग्रजी अमदानीत रुजले, आणि हिंदू मृत्युपत्रांचा कायदा आला १८७० मध्ये. तोवर १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामावरील हक्क न्यायालयात मागण्याची सोय गेली होती, आणि १८६० च्या दंडसंहितेने माणसाची खरेदीविक्री गुन्हा ठरविली होती. म्हणून मृत्युपत्रे चाळून आमच्या घरी असे काही नव्हते असे म्हणणाऱ्याने वाटणीपत्रे, जप्तीच्या याद्या आणि लग्नातील आंदणाच्या याद्या आधी पाहाव्यात.

ज्यांना दासीपासून मुले झाली त्यांची कथा आणखी निराळी. याज्ञवल्क्याने शूद्राच्या दासीपुत्राला वाटा सांगितला आणि कल्याणीच्या विज्ञानेश्वराने मिताक्षरेत त्याचा ऊहापोह केला. तो नियम इंग्रजी न्यायालयांत विसाव्या शतकापर्यंत जिवंत होता. याच बेंगळुरातून निघालेल्या एकोजीने तंजावरचे राज्य मिळविले. त्याच्या वंशातील शेवटचा राजा शिवाजी १८५५ मध्ये पुत्राविना वारला. त्याच्या राण्यांखेरीज खड्गविवाहाने आणलेल्या पुष्कळ स्त्रिया मंगलविलासात राहत. त्या घराण्याच्या मालमत्तेचा तंटा मद्रासच्या उच्च न्यायालयात १९२४ मध्ये चालला, तेव्हा तंजावरचे भोसले क्षत्रिय की शूद्र, हे न्यायाधीशांना ठरवावे लागले. निर्णय शूद्र असा झाला. खड्गाच्या स्त्रिया आणि त्यांची संतती यांचा दर्जा काय, या प्रश्नापायी राजकुळाचा वर्ण कोर्टात तोलला गेला.

आमच्या घरच्या कुणबिणीसाठी कोणी कोर्टात गेले नाही. दोघे भाऊ त्याच वाड्यात मध्ये भिंत घालून राहिले असतील, तर मायलेकींमध्ये ती भिंतच काय ती आली, असे मी मनाशी म्हणत होतो. नंतर अण्णांकडून शके १७४६ ची एक यादी आली. धाकट्याच्या मुलीचे लग्न, त्यात दिलेले आंदण: भांडी, एक गाय वासरासह, आणि कुणबीण एक, वय वर्षे पंधरा. सात आणि आठ पंधरा. वय जुळते, नाव नसल्यामुळे याहून अधिक म्हणता येत नाही.

हे कळविल्यावर अण्णांचा आठ दिवस फोन नव्हता. मग आला. म्हणाले, "वंशावळीत घराण्याच्या सुनांची तरी नावे कोठे आहेत? तिथे नुसती रेघ आहे." हे खरे आहे, आणि मला त्यावर बोलता आले नाही. पण सुनेला निदान माहेर असते, आणि ते शोधता येते.

दोन्ही कागद आता कुलवृत्तान्ताच्या परिशिष्टात एकही कलम न गाळता छापावयाचे ठरले आहे. मुलगी दिलेले गाव कृष्णेच्या पलीकडे आहे. तेथील घरातही एक कागदांची पेटी आहे असे अण्णा म्हणतात. दिवाळीची रजा मी लिहून दिली आहे.