मातीचा बैल आणि शाळेची पाटी

गोंदिया शहराच्या अगदी लगत मुर्री हे गाव आहे. शहराच्या अंगाने पाहू गेल्यास मुंबई-हावडा लोहमार्गावरील जंक्शन, भात कांडण्याच्या गिरण्या आणि बाजारपेठेची गजबज. गावाच्या अंगाने पाहू गेल्यास धानाच्या बांध्या, बोड्या आणि गुरांच्या वाटा. अशा सीमेवरच्या गावात मूल वाढते, तेव्हा त्याच्या एका कानावर इंजिनाची शिटी पडते आणि दुसऱ्या कानावर गुरांच्या गळ्यातील घंटांचा नाद. हा सारा मुलूख १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात होता, आणि त्याच्याही पूर्वी, इंग्रजी अमदानीत, तो मध्य प्रांताचा भाग होता. त्या काळच्या सरकारी दप्तरांत येथील तलावांचा, धानाच्या जातींचा आणि सारावसुलीचा तपशील बारकाईने सापडतो. मूल मात्र त्यांत क्वचितच भेटते, आणि भेटलेच तर शाळेच्या पटावरील एक आकडा म्हणून. ते सकाळी काय करी, दुपारी कशाशी खेळे, रात्री कोणाच्या कुशीत गोष्ट ऐके, हे लिहून ठेवण्याची कोणास गरज भासली नाही. म्हणून बालजीवनाचा इतिहास शोधावयाचा झाल्यास दप्तरखाना सोडून सणवार, खेळणी आणि शेतीचे वेळापत्रक यांच्याकडेच वळावे लागते.

या शोधाचा उत्तम धागा तान्हा पोळा हा होय. श्रावणी अमावास्येस बैलांचा पोळा झाला, की दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, विदर्भातील मुलांचा स्वतःचा पोळा भरतो. मुलगा लाकडाचा नंदी सजवितो, त्याला झूल घालतो, शिंगांना बेगड लावतो, तोरणाखाली नेऊन उभा करतो, आणि मग घरोघरी जाऊन बोजारा मागतो. बोजारा म्हणजे बैलाच्या धन्यास द्यावयाचा मान. कोणी पैसे देते, कोणी खाऊ. हा सण नागपूरकर दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी मुलांसाठी सुरू केला, अशी नागपुरातील परंपरा सांगते. या राजाची कारकीर्द १७८८ ते १८१६ अशी झाली. परंपरा खरी असो वा नसो, तिचा अर्थ ध्यानी घेण्याजोगा आहे. वडील माणसाच्या धंद्याची प्रतिकृती मुलाच्या हाती द्यावी, आणि एक दिवस साऱ्या गावाने ती खरी मानावी, ही कल्पना ज्या समाजाला सुचली, त्याला बालमनाची ओळख नव्हती असे कोण म्हणेल?

ज्या घरी लाकडी नंदी विकत घेण्याची ऐपत नसे, तेथे बैल मातीचा होई. बांधीतील चिकणमाती मळावी, चार पाय वळावे, वशिंड चिमटीने उचलावे, आणि शिंगांसाठी काटक्या खोचाव्या. पहिला बैल हमखास कलंडतो. पाय आखूड व जाड केले म्हणजे तो उभा राहतो, हे मुलास कोणी शिकवीत नाही. दोनचार बैल मोडल्यावर ते त्यास आपोआप कळते. भाराचा आणि तोलाचा हा धडा पुढे पुस्तकात भेटतो, पण तेव्हा त्याच्या बोटांना माती लागलेली नसते.

याच दिवशी मारबत काढतात, आणि रोगराई व इडापिडा गावाबाहेर घालवितात. छत्तीसगडला लागून असलेल्या या पट्ट्यात पावसाळ्यात मुले बांबूच्या गेडीवर चढून चिखलातून चालतात. त्या खेळातही सुतारकाम आहे, तोल सांभाळणे आहे आणि चिखलपाण्यापासून पाय वाचविणेही आहे. खेळ कोठे संपतो आणि उपयोग कोठे सुरू होतो, याची रेघ अशा गावात ओढताच येत नाही. रोवणीच्या दिवसांत आई चिखलात वाकलेली असते, आणि बांधावर बसलेले सहा-सात वर्षांचे मूल धाकट्यास सांभाळता सांभाळता बांधीतले मासे पकडते. उन्हाळ्यात मोहफुले वेचावयाची, टेंभरे खावयाची, आंब्याच्या कोयीची पुंगी घासून वाजवावयाची. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरली, की रात्रभर दंडार पाहावयाची आणि दुसऱ्या दिवशी अंगणात तिची नक्कल करावयाची. आजच्या भाषेत ज्यांस छंद म्हणतात, ते सर्व येथे होते. फक्त त्यांस छंद हे नाव नव्हते.

तथापि हे चित्र केवळ गोड करून मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. मुलगा गुरे राखावयास जाई तेव्हा रानात बासरी वाजवी हे खरे. पण गुरे दुसऱ्याच्या शेतात शिरली तर मारही खाई. मुलीचे बालपण तर त्याहून आखूड. काखेत भावंड आले, की खेळ अर्ध्यावर सुटे. आणि गोंदियाच्या परिसरात तेंदूपत्त्यामुळे विड्यांचा धंदा वाढला तेव्हा घरातील लहान बोटांना एक नवे काम लागले. पान कापणे, दोरा बांधणे, ही कामे बैल वळण्याइतकीच नाजूक. पण बैल मोडला तर मूल हसते, आणि विडी बिघडली तर मजुरी कापली जाते. विडी कारखान्यांत मुलांना कामास ठेवण्यास १९६६ च्या कायद्याने बंदी झाली, परंतु घराच्या ओसरीपर्यंत कायद्याचा हात सहजासहजी पोहोचत नाही. हाताचे काम म्हणजे आपोआप शिक्षण, असे मानणाऱ्यांनी ही ओसरी नजरेआड करता कामा नये.

शाळेने मुलास काय दिले व काय घेतले, हा प्रश्न या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. जुन्या पंतोजीच्या शाळेत धूळपाटी, मोडी अक्षर, उजळणी, पावकी-निमकी असा क्रम असे. पाठांतरावर भर आणि छडीवर भिस्त. १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला. पुढे सरकारी शाळा उघडल्या, छापील पुस्तके आली, तपासनीस आले. या शाळांची थट्टा करणे सोपे आहे, परंतु खेड्यातील बापास त्यांची किंमत बरोबर कळली होती. मालगुजाराची पावती वाचता येणे, सावकाराच्या वहीतील आकडा ओळखता येणे, हा त्याच्या दृष्टीने जीवनमरणाचा प्रश्न होता. म्हणून मूल शाळेत गेल्यावर तेथे त्याच्या हातांना काही काम आहे की नाही याची त्यास फिकीर नव्हती. हातांना काम घरी भरपूर होते. शाळेत मात्र त्या मुलाचा बैल, त्याची गेडी, त्याची पोवारी वा झाडी बोली, यांपैकी काहीही त्याच्याबरोबर आत येऊ शकले नाही. दाराशी चपला काढाव्या, तसे मूल आपले घर बाहेर काढून ठेवी.

या दोन जगांची गाठ घालण्याचा मोठा प्रयत्न ज्या ठिकाणाहून झाला, ते वर्धा शहर त्याच मध्य प्रांतातले. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली तेथे शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, आणि एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाभोवती सर्व विषयांची गुंफण, अशी ती योजना. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम आखला, त्यात हस्तव्यवसायास रोजचे ३ तास २० मिनिटे दिली. सूत काढताना गणित, कापसाबरोबर भूगोल, चरख्याबरोबर यंत्रशास्त्र. १९३८ साली हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला, आणि सेवाग्रामास आर्यनायकम् पतिपत्नींनी ही ‘नई तालीम’ प्रत्यक्ष चालवून दाखविली.

याच सुमारास मध्य प्रांताचे शिक्षणमंत्री पंडित रविशंकर शुक्ल यांनी ‘विद्यामंदिर’ योजना पुढे आणली. गावोगावी जमीन दान मिळवावी, तिच्या उत्पन्नातून शिक्षकाचा पगार भागवावा, आणि शाळा उभी करावी, अशी तिची मांडणी. धानाच्या मुलखात शेताच्या जोरावर शाळा चालावी ही कल्पना आकर्षक खरी. परंतु ‘मंदिर’ या नावावरून मुस्लिम समाजात असंतोष झाला, आणि १९३९ च्या नोव्हेंबरात काँग्रेसच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर तिच्यामागचा जोरही ओसरला.

वर्ध्याच्या परिषदेतील सर्वांत मोलाचा इशारा मात्र योजनेच्या टीकाकाराकडून नव्हे, तर झाकिर हुसेन यांच्याकडूनच आला. शाळेने स्वतःचा खर्च स्वतः भागवावा यावर अतिरेकी भर दिला, तर शिक्षक मुकादम बनतील आणि गरीब मुलांचे श्रम पिळून काढतील. तसे झाल्यास टकळी ही पुस्तकापेक्षाही वाईट ठरेल, अशा आशयाचे ते बोलले. पुढे राष्ट्रपतिपदी पोहोचलेल्या या शिक्षकाने विडीची ओसरी पाहिली होती की नाही कोण जाणे. पण बैल आणि विडी यांतील भेद त्यांनी अचूक ओळखला होता. खेड्यातील पालकांनी योजनेकडे पाठ फिरविली, तीही काहीशी याच कारणाने. शहरातील मुलांच्या हाती पुस्तक आणि आपल्या मुलांच्या हाती टकळी, ही वाटणी त्यांना मान्य होणे शक्य नव्हते. त्यांत त्यांचे चुकले असे म्हणवत नाही.

शाळेने मुलाच्या दारी जावे, हा उलटा मार्गही महाराष्ट्रात चोखाळला गेला, पण तो पार दुसऱ्या टोकाला, समुद्राच्या बाजूस. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली मुले शाळेत येत ना, तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात भरली. गुरे राखणारी मुले अंगणातही सापडत ना, तेव्हा शिक्षक कुरणात गेले आणि ‘कुरणशाळा’ सुरू झाली. पाने, बिया, खडे, शंख-शिंपले हीच तेथील साधने. धानाच्या बांधावरील मुलास ही शाळा परकी वाटली नसती.

आज ‘प्रकल्प’ हा शब्द मुर्रीच काय, महाराष्ट्रातील कोणत्याही घरी अपरिचित नाही. त्याचे मूळ अमेरिकेतील किलपॅट्रिक यांच्या १९१८ च्या निबंधात आहे. मुलाने मनापासून हाती घेतलेले, हेतुपूर्ण काम, असा त्यांचा अर्थ होता. आपल्याकडे कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली, आणि २०१० पासून महाराष्ट्रातील सातत्यपूर्ण मूल्यमापनात प्रकल्पास व उपक्रमास रीतसर स्थान मिळाले. हेतू उत्तम. परंतु रात्री नऊ वाजता मूल आठवण काढते, वडील दुकान उघडे आहे का ते पाहावयास धावतात, आई चित्रे कापते, आणि सकाळी ‘पाण्याचे चक्र’ शाळेत पोहोचते. गुण मुलास मिळतात, काम घराने केलेले असते. पूर्वी घराच्या कामात मूल राबे. आता मुलाच्या कामात घर राबते. यांतील दुसरी स्थिती निःसंशय बरी. पण दोहोंतही मूल मोकळेपणी चुकू शकत नाही, एवढे साम्य उरतेच.

तान्हा पोळा मात्र टिकून आहे. विदर्भातील कित्येक शाळांत आता तो भरतो. सजविलेल्या नंदीस बक्षिसे देतात, मुले धोतर-फेटे घालून येतात. लाकडी नंदी बाजारातून येतो, त्याच्या पायांस चाके असतात आणि तो कलंडत नाही. बक्षीस बहुधा मोठ्या, रंगविलेल्या, दागिने घातलेल्या बैलास मिळते. तो दुसऱ्याने घडविला असेल तरी परीक्षकांची हरकत नसते. समारंभ आटोपला, की मुले दोरी धरून नंदी ओढीत घरोघर निघतात आणि संध्याकाळपर्यंत बोजारा मोजीत बसतात. भाद्रपदातला पाऊस त्याच वेळी बांध्यांत साचलेला असतो, आणि चिकणमाती तेथे फुकट मिळते.